कैद्यानं खाल्लेलं मीठ

प्रश्न गडहिंग्लजकडच्या एका नव्या लेखकाचा आहे. त्यांनी चारशे पानांची ऐतिहासिक अद्भुत कादंबरी लिहून पूर्ण केली आहे. राज्य काल्पनिक, काळ साधारण सतराव्या शतकासारखा. नायिका सगुणा ही एका देशमुखाची लेक. बापानं बंड केलं म्हणून राजानं त्याला मारलं आणि नऊ वर्षांच्या सगुणेला एका डोंगरी किल्ल्यावर ओलीस ठेवलं. या किल्ल्याचे दगड माणसांचे आवाज साठवून ठेवतात आणि सगुणेला ते ऐकू येतात. चौदा वर्षांनी किल्लेदार भैरोजी तिला दार उघडून देतो, ती राजाला गाठते आणि मारते. ज्या मित्रांना वाचायला दिली ते म्हणाले, पहिली दीडशे पानं हलत नाहीत आणि शेवट पोकळ वाटतो. लेखक विचारतात, "कैद, सूड आणि निष्ठा या तीन थीम एका कादंबरीला जास्त होतात का? एखादी काढू का? काढायची तर कोणती?"

एकही काढू नका, हे माझं उत्तर. पण तेवढ्यावर सोडलं तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी कोल्हापुरात राहते आणि बावीस वर्षं मराठी कादंबऱ्यांची हस्तलिखितं संपादित करते. त्यात ऐतिहासिकच जास्त येतात, या भागात ते साहजिक आहे. तुमची सगळी कादंबरी मी वाचलेली नाही. प्रश्नासोबत दिलेला सारांश आणि तीन प्रकरणं, म्हणजे पहिलं, एकविसावं आणि शेवटचं, एवढंच माझ्यासमोर आहे. मधल्या पानांत तुम्ही काही वेगळं साधलं असेल तर माझं थोडं चुकेल. तरी या तीन प्रकरणांवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. तीन विषय जास्त झालेले नाहीत, ते एकमेकांना शिवत नाहीत. दीडशे पानं कैद चालते, मग शंभर पानं भैरोजीचं इमान, मग सूड. वाड्यात तीन खोल्या आहेत आणि मधली दारं बांधकामातच राहून गेली आहेत.

ती दारं कुठे बसवायची? मला विचाराल तर मिठापाशी.

आपल्याकडे इमान मिठावर मोजतात. खाल्ल्या मिठाला जागणं, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर न उलटणं. हा हिशेब आपल्या भाषेत इतका मुरलाय की कोणी समजावून सांगावं लागत नाही. आता तुमची सगुणा बघा. चौदा वर्षं ती कोणाचं मीठ खाते? ज्यानं बाप मारला त्याचंच. किल्ल्यावरचा शिधा राजाच्या कोठारातून येतो. नऊ वर्षांच्या पोरीला भूक लागते आणि ती भाकरी खाते. पहिल्या दिवशी कदाचित ताट ढकलून देईल, तिसऱ्या दिवशी खाईल. ज्या घासाबरोबर ती जगायचं ठरवते त्याच घासात तिच्या सुडाला पहिली अडचण येते. कैद्यानं खाल्लेलं मीठ धरायचं की नाही? ते कर्ज आहे, की हक्काचं, की जबरदस्तीनं तोंडात कोंबलेलं? तुमच्या कादंबरीचा खरा प्रश्न मला हा वाटतो, आणि तो एकदा मांडला की कैद, सूड आणि इमान एकाच ताटात येतात. पहिल्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय, "तिला जेवण दिले गेले." माझी तक्रार त्या चार शब्दांवर आहे. कोणी दिलं, काय दिलं, मीठ बरोबर होतं का?

हा प्रश्न हवेतला नाही. आपल्या इतिहासात तो अगदी ठसठशीत उभा आहे. १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला तेव्हा येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती लागले. शाहू सुटले १७०७ साली, औरंगजेब वारल्यावर. म्हणजे साडेसतरा वर्षं मोगल छावणीत गेली. बाप ज्याच्या हुकमानं हालहाल करून मारला गेला, त्याच्याच छावणीत पोरगा वाढला. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिनं या माय-लेकरांना मायेनं सांभाळलं. सुटून येताना शाहू खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीपाशी जाऊन आले, असं इतिहासकार सांगतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, कैदेत वाढलेल्या मुलाचं मन समजून घ्यायला याहून मोठा धागा मिळणार नाही. त्याचा अर्थ लावायची घाई करू नये. राजकारण असेल, सवय असेल, आपल्याला नाव देता न येणारं काही असेल. कादंबरीकाराचं काम तिथे थांबून बघायचं आहे. येसूबाईंची सुटका तर १७१९ साली झाली, जवळजवळ ३० वर्षांनी. मुलगा सुटला तेव्हा त्याच्या वागणुकीची हमी म्हणून आई मागे ओलीस राहिली. सुटलेल्याचा एक पाय कैदेतच राहतो, तो असा.

याच छावणीतली एक गोष्ट तर तुमच्या तालुक्याशी जोडलेली आहे. प्रतापराव गुजरांनी १६७३ साली उमराणीला आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडीत पकडलं आणि तो शरण आल्यावर जाऊ दिलं. शिवाजी महाराज संतापले. पुढं तोच खान पुन्हा चालून आला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी तुमच्या नेसरीच्या खिंडीत प्रतापराव सहा स्वारांनिशी त्याच्यावर तुटून पडले. सातही जण गेले. हे आपल्याला पाठ आहे. पण त्यापुढचं कमी लोकांना आठवतं. मोगल कैदेतल्या शाहूंवर धर्म बदलण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्याऐवजी प्रतापरावांच्याच मुलांनी, खंडेराव आणि जगजीवन यांनी, धर्मांतर पत्करलं असं इतिहासात येतं. बापानं इमानाची किंमत एका दुपारी मोजली, मुलांनी ती उरलेला जन्मभर मोजली. कादंबरीकार म्हणून मला मुलं जास्त खुणावतात. खिंडीतलं मरण दोन पानांत लिहून होतं. रोज सकाळी उठून बदललेल्या नावानं हाक ऐकायची, हे लिहायला दोनशे पानं लागतील, आणि ती दोनशे पानं हलतील.

आता तुमच्या न हलणाऱ्या दीडशे पानांकडे येऊ.

तुम्ही कैद म्हणजे भिंत समजून लिहिलंय. भिंतींची जाडी, दाराचे खिळे, खिडकीतून दिसणारं आभाळ. पहिल्या प्रकरणात मी आभाळ अकरा वेळा मोजलं. पण भिंत बदलत नाही, म्हणून प्रसंगही बदलत नाही. कैदेत हलतात ती माणसं: पाणी आणणारी, शिधा मोजून देणारा, पहारा बदलणारे, नवा किल्लेदार, त्याची बायको. कैद्याचं अख्खं राजकारण या पाच-सात माणसांवर चालतं. कोण बोलतं, कोण बघून न बघितल्यासारखं करतं, कोणाच्या पाळीला दोन मिर्च्या जास्त मिळतात. सगुणा नऊची तेवीस होते. या मधल्या काळात ती पहिल्यांदा न्हाती-धुती झाली तेव्हा तिला कोणी काय सांगितलं? तिला पहिली साडी कोणी नेसवली? चौदा वर्षांच्या कैदेत हे येत नसेल तर ती चौदा वर्षं फक्त आकड्यातच गेली.

काही वर्षांपूर्वी मी एका तुरुंगात महिन्यातून दोनदा वाचनवर्ग घेत असे. कादंबरीतलं एक प्रकरण वाचायचं, मग बोलायचं. एकदा नायक पहारेकऱ्याची किल्ली मिळवतो, कुलूप उघडतो आणि अंधारात पळून जातो असा भाग होता. सगळे रंगून ऐकत होते. शेवटच्या रांगेत एक साठीचे गृहस्थ बसायचे, मांडीवर टोपी ठेवून. ते म्हणाले, "बाई, हा दार उघडल्याबरोबर पळाला कसा? मी दार उघडं बघितलं की आधी मागं वळून बघतो, कुणी उघडलं म्हणून." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि मग वाटतं, आपण चुकून उघडलं का काय." बाकी कोणी काही बोललं नाही. मी तेव्हा एक हस्तलिखित तपासत होते, त्यातही सुटकेचा असाच जोरदार प्रसंग होता. घरी येऊन मी त्या पानावर खूण केली आणि लेखकाला हे सांगितलं. तुम्हालाही तेच सांगते. तुमच्या एकविसाव्या प्रकरणात भैरोजी दार उघडतो आणि सगुणा "वाऱ्यासारखी" निघते. चौदा वर्षांनी कोणी वाऱ्यासारखं निघत नाही. तिला आधी मागे वळून बघू द्या.

जागा अनुभवायची असेल तर पावसाळ्यात पन्हाळ्यावर जा आणि अंधारबावडीत उतरा. तीन मजली दगडी वास्तू आहे, तळाला विहीर. बाहेर धुकं असलं की वरच्या मजल्यावर तरी उजेड असतो, एकेक पायरी उतरलं की डोळ्यांपेक्षा कान जास्त काम करू लागतात. मी गेल्या वर्षी उतरले तेव्हा वरती सहलीला आलेली मुलं ओरडत होती. खाली तो आवाज येईतो शब्द गळून गेले होते, नुसता चढउतार राहिला होता. आणि पाण्याचा थेंब मात्र जवळ, अगदी कानाशी. तुमच्या किल्ल्याचे दगड आवाज साठवतात ना, ते आवाज असे येऊ देत. पहिल्या प्रकरणात दगड सगुणेला पूर्ण वाक्यात, शुद्ध मराठीत बापाच्या खुनाची हकीकत सांगतात. एवढं स्पष्ट बोलणारा दगड म्हणजे सगुणेला आयता खबऱ्या मिळाला, आणि खबऱ्या असलेली मुलगी एकटी राहत नाही. तिला आधी फक्त सूर ऐकू येऊ दे. कोण रडतंय एवढं कळावं, का रडतंय ते वर्षानुवर्षं कळू नये. बारा वर्षांची असताना एक शब्द सुटा व्हावा, पंधराची असताना नाव. म्हणजे दीडशे पानांत वाचकाला पुढे ओढणारं काहीतरी राहील, आणि शेवटी जे कळेल ते तिनं इतकी वर्षं धरलेल्या समजुतीपेक्षा थोडं वेगळं असू शकेल.

अद्भुताबद्दल माझा एक नियम आहे. सगळ्यांना पटेलच असं नाही, तुमच्या वाचकवर्गावर ते अवलंबून आहे. अद्भुतानं कुलूप उघडू नये. कैदेच्या गोष्टीत जादूनं दार उघडलं की मागची सगळी कैद खोटी पडते. वाचक म्हणतो, मग आधी का नाही उघडलं? तुम्ही दगडांकडून दार उघडून घेतलं नाहीत, माणसाकडून घेतलंत, हे फार चांगलं केलंत.

अद्भुत, कैद, सूड आणि नातं यांची बांधणी कशी असावी याचा नमुना मला कोल्हापुरातच सापडतो, टेंबलाईच्या टेकडीवर. कथा अशी सांगतात की कोल्हासुराच्या वधानंतर त्याचा मुलगा कामाक्ष यानं योगदंडाच्या बळावर अंबाबाईसकट सगळ्या देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोलीनं, म्हणजेच टेंबलाईनं, युक्तीनं तो दंड मिळवला आणि सगळ्यांना सोडवलं. विजयाचा सोहळा झाला आणि त्या सोहळ्याला त्र्यंबोलीलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई सगळा लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला गेली. त्र्यंबोलीनं कोल्हासुराचा वध बघायला मागितला, म्हणून तिच्यासमोर कोहळा फोडला. आजही ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेकडीवर जाते, कुमारिका कोहळ्यावर वार करते आणि त्या फोडींसाठी लोकांची झुंबड उडते.

लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकतेय. संपादनाचं काम करू लागले तेव्हा तिची बांधणी दिसली. जादू एका वस्तूत आहे, दंडात, आणि तो दंड कोणाच्याही हाती जाऊ शकतो. देवही कैदेत लाचार होतात. सुटका ताकदीनं होत नाही, युक्तीनं होते. आणि गोष्ट सुटकेपाशी संपत नाही. दरवर्षी साजरी होते ती सुटका नाही, सोडवणारीला विसरल्याची भरपाई. सोडवणाऱ्याचं काय होतं, हा भाग आपण लेखक नेहमी विसरतो. तुमचा भैरोजी एकविसाव्या प्रकरणात दार उघडतो आणि मग शेवटपर्यंत कुठेच नाही! मी शेवटच्या प्रकरणात त्याचं नाव शोधलं. एकदाही नाही. सगुणा त्याला विसरली असेल तर तीच मोठी गोष्ट आहे, पण मग ती विसरली हे वाचकाला दिसलं पाहिजे. आत्ता असं वाटतं की लेखकच विसरला.

शेवट पोकळ वाटतो त्याचं एक कारण हे. दुसरं कारण राजा. तो पहिल्या प्रकरणात बापाला मारतो आणि शेवटच्या प्रकरणात मरतो, मध्ये साडेतीनशे पानं गैरहजर. सुडाला दोन माणसं लागतात. डूख धरलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा रोज आठवावा लागतो, आणि आठवता आठवता तो बदलतो. सगुणेनं राजाला नऊ वर्षांची असताना बघितलं, तेव्हा तो उंच, काळा, भयंकर होता. तेवीसची होऊन ती त्याच्यासमोर उभी राहते तेव्हा तो साठीचा असणार. दात पडलेले, कदाचित तिला न ओळखणारा. जिला विसरला आहे तिच्या हातून तो मरतो, यात सूड कितीसा फिटतो? सूड घेणाऱ्याला मारण्याआधी ओळख पटवून द्यायची असते. तुमच्या शेवटच्या प्रकरणात वार दोन ओळींत होतो आणि ओळख पटवण्याचा प्रसंगच नाही. मधे निदान तीनदा राजा किल्ल्यावर आला पाहिजे. एकदा तिच्याशी चांगलं वागला पाहिजे. खरोखर चांगलं, ढोंगानं नाही.

सूड माणसाला कुठे नेतो हे बघायचं तर मी महाराणी ताराबाईंकडे जाते. कावळा नाक्यावर त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे, मी रोज त्याखालून जाते. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर पोराला गादीवर बसवून पंचविशीतल्या बाईनं सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली. ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर लिहिणारेही पुष्कळ आहेत. लिहिणारे सहसा पुढे जात नाहीत. १७१४ साली त्यांच्या सवतीनं, राजसबाईंनी, आपल्या मुलाला, संभाजींना, गादीवर बसवलं आणि ताराबाईंना मुलासकट पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. ज्या गडावरून त्यांनी राज्य केलं, त्याच गडावर. मुलगा १७२६ साली कैदेतच गेला. पुढे १७३० च्या सुमारास त्या शाहूंकडे साताऱ्याला गेल्या, तिथेही राहणं किल्ल्यावर आणि नजरेखालीच. शाहू १७४९ साली वारले आणि ताराबाईंनी पुढे आणलेला नातू रामराजा गादीवर आला. पेशव्याला दूर कर म्हणून त्यांनी सांगितलं ते त्यानं ऐकलं नाही. २४ नोव्हेंबर १७५० रोजी पंच्याहत्तरीच्या या बाईनं त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं, आणि पुढे हा माझा नातूच नव्हे असंही सांगितलं. १७६१ च्या डिसेंबरात त्या गेल्या तोवर तो सुटला नाही.

मी त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. या बाईबद्दल मला अपार आदर आहे आणि तो हे सगळं वाचल्यावर वाढला. पण विचार करा, छत्तीस वर्षांपूर्वी ज्या बाईमागे दार लागलं, तिनंच दुसऱ्यामागे दार लावलं. कैद कशी असते हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पहारा कधी ढिला पडतो, कोणता चाकर फिततो, हे तिला आतून माहीत होतं, म्हणूनच तिची कैद पक्की होती. सगुणा राजाला मारते आणि तुम्ही कादंबरी संपवता. मारल्यानंतरची सकाळ लिहून बघा. किल्ल्याच्या किल्ल्या आता तिच्या कमरेला आहेत. राजाला एखादी नऊ-दहा वर्षांची नात असेल तर? ही पोर मोठी होऊन डूख धरणार हे सगुणेहून जास्त कोणाला कळेल? तिचं ती काय करते? ते मी सांगणार नाही, तुमची कादंबरी आहे. पण ती पोर त्या दारात उभी केल्याशिवाय शेवट भरणार नाही एवढं नक्की.

इमानाबद्दल थोडक्यात. भैरोजी चांगला माणूस आहे म्हणून दार उघडतो, एवढंच तुम्ही दिलंय. चांगुलपणा हे फितुरीला पुरेसं कारण नाही. आपण निष्ठा हा शब्द फार गुळगुळीत करून ठेवलाय, जणू ती सगळ्यांची एकच असते. माणूस धन्याशी इमानी असतो, गादीशी असतो, दिल्या शब्दाशी असतो, जमिनीशी असतो, आणि या चार गोष्टी एका दिशेला असतात तोवर सुखात असतो. बाजीप्रभू देशपांड्यांचं घ्या. ते बांदल देशमुखांकडचे, आणि बांदल आधी महाराजांच्या विरोधात होते. १६६० च्या जुलैत घोडखिंडीत उभं राहिलेलं इमान असं एक वळण घेऊन आलेलं होतं, म्हणून ते जड आहे. त्याच रात्री महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसलेले शिवा काशीद, त्यांना तर खिंडही मिळाली नाही, शत्रूच्या गोटात एकट्यानं मरण आलं.

तुमच्या भैरोजीसाठी मात्र मी तुमच्याच भागातले गडकरी सुचवेन. सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथले गडकरी पिढ्यान्‌पिढ्या गड राखायचे आणि त्यासाठी त्यांना जमिनी होत्या. कोल्हापूरच्या कारभारात इंग्रजांचा हात शिरला, जमिनींच्या जुन्या व्यवस्थेला हात लागला, आणि १८४४ साली सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बंड पसरलं. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल ओव्हन्स त्यांच्या हाती सापडला, त्याला पन्हाळ्यावर कैदेत ठेवलं होतं. शेवटी इंग्रजांनी गड घेतले आणि पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडून टाकला. या गडकऱ्यांचं इमान कोणाशी होतं? कोल्हापुरात जो हुकूम निघत होता त्याच्याशी नक्कीच नाही. गडाशी होतं, आजोबांनी राखलेल्या बुरुजाशी, त्यामागच्या चार बिघ्यांशी. तुमच्या भैरोजीला असं काहीतरी द्या. त्यानं राजाला शब्द दिलाय, पण सगुणेच्या बापाकडूनही त्याच्या घराण्याला जमीन मिळाली असेल. म्हणजे त्यानंही दोन ठिकाणचं मीठ खाल्लंय. मग दार उघडताना तो एकाशी इमान राखतो आणि त्याच क्षणी दुसऱ्याशी बेइमान होतो. त्याला स्वतःला त्या रात्री झोप येणार नाही, वाचकालाही येणार नाही.

आता हस्तलिखितावर प्रत्यक्ष काय करायचं. नव्यानं चारशे पानं लिहू नका. आधी पहिल्या प्रकरणातलं जेवण पुन्हा लिहा, दोन-तीन पानं होऊ देत. ताट कोण आणतं ते ठरवा. माझ्या मते भैरोजीची बायको आणते, आणि कादंबरीभर ताट तिच्याच हातून येतं. ती मेली की अन्नाची चव बदलते, तिथे तुमचा मध्यबिंदू मिळेल. मग राजाच्या किल्ल्यावरच्या तीन फेऱ्या घाला. दगडांचे शब्द कमी करा. एकविसाव्या प्रकरणात भैरोजीनं दार उघडण्याआधी सगुणेसमोर ताट ठेवावं, आणि तिनं ते खावं की न खावं, एवढ्यावर तो प्रसंग उभा करा. वाऱ्यासारखं निघणं काढून टाका. आणि शेवटी ती पोर. पानं वाढतील असं वाटत असेल तर आभाळाची वर्णनं काढा, जागा होईल.

यातलं किती लागू पडेल ते तुम्ही मधल्या पानांत काय केलंय त्यावर आहे. भैरोजी आणि सगुणा यांच्यात बाप-लेकीसारखं काही तुम्ही आधीच उभं केलं असेल तर जमिनीचा धागा कदाचित नको, तो त्या नात्यावर ओझं होईल. तसं असेल तर ती प्रकरणं पाठवा, मी वाचून पुन्हा सांगेन.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय की किल्ल्याला सामानगड हेच नाव ठेवलं तर चालेल का, कारण लहानपणापासून तोच डोळ्यांसमोर आहे. नाव बदला. खरं नाव ठेवलंत की खऱ्या तारखा, खरी घराणी, खरे वंशज सगळे दारात येतील, आणि काल्पनिक राजाच्या तोंडी घातलेलं प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी पूर्वजाला चिकटेल. गड मात्र तोच राहू दे. त्याच्या पायऱ्या, विहिरी, वारा कुठून येतो, पावसात कोणती भिंत आधी काळी पडते, हे सगळं जसंच्या तसं घ्या. पहिला पाऊस पडून गेला की एकदा वही घेऊन वर जा, आणि दुपारची भाकरी तिथेच बसून खा.